गॉडफ्लेशच्या आधी : फॉल ऑफ बिकॉजची मोजकी वर्षं

हयातीत एकही अल्बम न काढलेल्या बँडबद्दल लिहायचं तरी कशाला? याला कारण 'स्ट्रीटक्लीनर'. गॉडफ्लेश या ब्रिटिश बँडच्या १९८९च्या या अल्बममुळे इंडस्ट्रियल मेटल (म्हणजे यंत्रासारख्या ठोक्यावरचं जड गिटार-संगीत) ही काय चीज आहे ते अनेकांना पहिल्यांदा कळलं. त्यातली काही गाणी मुळात फॉल ऑफ बिकॉज या आधीच्या बँडची.

बँड बर्मिंगहॅमचा. या शहराचं आणि मेटलचं नातं ब्लॅक सॅबथपासूनचं. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या बोटांची टोकं गेली तीही इथल्याच पत्र्याच्या कारखान्यात. १९८०च्या दशकात मात्र शहरातले कारखाने एकामागून एक बंद पडत होते आणि शाळा सोडलेल्या पोरांना काम नव्हतं. अशा दिवसांत बेन ग्रीन (बास) आणि पॉल नेव्हिल (गिटार) यांनी 'ऑफिशियली प्रोनाउन्स्ड डेड' नावाने वाजवायला सुरुवात केली. पुढे जस्टिन ब्रॉडरिक ड्रमवर आला, गाऊही लागला, आणि बँडचं नाव बदललं. नवं नाव किलिंग जोक या ब्रिटिश बँडच्या १९८१च्या एका गाण्यावरून उचललेलं. नुसतं नावच नाही, तो घुमणारा, एकसुरी ठोकाही बराचसा तिकडचाच.

ब्रॉडरिकचा जन्म १९६९चा, म्हणजे तेव्हा धड मिसरूडही फुटलेलं नव्हतं. पण पठ्ठ्या एका जागी थांबणारा नव्हे. ऑगस्ट १९८६मध्ये नेपाम डेथ या सुसाट वेगाच्या बँडसाठी त्याने जी गिटार वाजवली, ती पुढच्या वर्षी 'स्कम' अल्बमची पहिली बाजू म्हणून बाहेर आली. त्यातलं 'यू सफर' हे गाणं जेमतेम सव्वा सेकंदाचं! आणि त्याच सुमारास फॉल ऑफ बिकॉजमध्ये हाच मुलगा ड्रमवर बसून संथ, दमवून टाकणारी गाणी रेटत होता. १९८६चाच 'एक्स्टर्पेट' हा डेमो (नमुन्यादाखल केलेलं कच्चं ध्वनिमुद्रण) ऐकला की ते जाणवतं. आवाज ओबडधोबड आहे, पण वेग न वाढवता दडपण कसं वाढवायचं हे पोरांना तेव्हाच कळलेलं होतं.

मग ब्रॉडरिक हेड ऑफ डेव्हिड या दुसऱ्या बँडमध्ये ड्रमर म्हणून गेला आणि १९८७मध्ये फॉल ऑफ बिकॉज आटोपलं.

१९८८मध्ये हेड ऑफ डेव्हिडमधून बाहेर पडल्यावर त्याने ग्रीनला पुन्हा गाठलं आणि दोघांचं गॉडफ्लेश सुरू झालं. या वेळी त्याने ड्रम सोडून गिटार घेतली आणि ठोक्याचं काम ड्रम मशीनकडे दिलं. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. माणूस वाजवतो तेव्हा ठोका कुठेतरी सैलावतो, हात थकतो. मशीनला दया नसते. 'डिव्हास्टेटर', 'मायटी ट्रस्ट क्रशर' आणि 'लाइफ इज ईझी' ही जुनी गाणी 'स्ट्रीटक्लीनर'मध्ये त्या ठोक्यावर आली, तेव्हा त्यांचा थंडपणा अंगावर येऊ लागला. श्रेयनामावलीतही तालासमोर माणसाचं नाव नाही, 'मशीन' एवढंच आहे. नेव्हिलची गिटार या अल्बममधल्या काही गाण्यांत आहे. नंतर तो केबल रिजीम या स्वतःच्या बँडकडे वळला.

जुन्या शिदोरीतलं 'मर्सिलेस' तर १९९४पर्यंत पुरलं. त्या वर्षीच्या गॉडफ्लेशच्या ईपीला (मोजक्या गाण्यांच्या छोट्या अल्बमला) त्याचंच नाव आहे. फॉल ऑफ बिकॉजची मूळ ध्वनिमुद्रणं 'लाइफ इज ईझी' या संग्रहात एकत्र यायला मात्र १९९९ उजाडलं. गॉडफ्लेश २००२मध्ये मोडलं आणि २०१०मध्ये पुन्हा मंचावर आलं.