डिझेल इंजिन सुरू करायला 50 लिटर?

‘रेल्वेचं डिझेल इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायला 50 लिटर डिझेल लागतं, म्हणून ते उभं असतानाही धडधडत ठेवतात.’ हा मेसेज बऱ्याच जणांनी वाचला असेल. पटण्यासारखाच आहे, कारण उभं इंजिन चालू ठेवतात हे खरंच दिसतं.

जुनं इंजिन नव्याने बांधताना इंधनपंप खोलला की शंका येते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप, आणि त्यातला दट्ट्या जेमतेम बोटाएवढा. पूर्ण ताकदीवरही तो एका वेळी साधारण 1 मिलिलिटर डिझेल सोडतो. आता हिशेब करा. 16 सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन, बॅटरीवर मिनिटाला 100 फेरे, असं 15 सेकंद फिरवलं तर 25 फेरे झाले. दर दोन फेऱ्यांना एक फवारा, म्हणजे सगळे मिळून 200 फवारे. झालं पाव लिटरपेक्षा कमी! टाकीतून पंपाकडे डिझेल जोरात वाहताना दिसतं खरं, पण त्यातलं बरंचसं परत टाकीतच जातं.

मग बंद का करत नाहीत? ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. बॅटरी थकलेली असेल तर पुन्हा सुरू होण्याची खात्री नसते. कडाक्याच्या थंडीत इंजिन गार ठेवणारं आतलं पाणी गोठून ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, तडकू शकतो. शिवाय बराच वेळ बंद राहिलेल्या जुन्या इंजिनात सिलिंडरमध्ये पाणी झिरपलेलं असू शकतं. म्हणून सिलिंडरचे कॉक (छोट्या तोट्या) उघडून, इंजिन हळूहळू फिरवून ते आधी बाहेर काढावं लागतं. या खटाटोपात वेळ जातो, डिझेल नाही.