अर्धवट वीज गेल्यावर दिवे मंद किंवा प्रखर का होतात?

उन्हाळ्याच्या अखेरीस वळीव आणि वादळ झाले की सोलापुरात वीज दर वेळी पूर्णच जाते असे नाही. पुष्कळदा निम्म्या घरात अंधार होतो, पंखा रेंगाळतो आणि फ्रिज नुसता घुमत राहतो. अशा वेळी कोणता दिवा कसा जळतो आहे हे नीट पाहिल्यास दोष कुठे आहे, याचा बराच अंदाज येतो.

थ्री-फेज जोडणीच्या घरात खोल्या वेगवेगळ्या फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांवर, वाटलेल्या असतात. एक फेज गेला की त्यावरच्या खोल्यांतले दिवे जातात, बाकीचे नेहमीप्रमाणे चालतात. मात्र बोअरची थ्री-फेज मोटार तेव्हा चालू असेल, तर ती उरलेल्या दोन फेजवर तापते आणि तिच्या वाइंडिंगमधून (आतल्या तारेच्या वेटोळ्यांतून) बंद पडलेल्या फेजवर थोडा दाब (व्होल्टेज) येऊन बंद खोल्यांतले दिवे मिणमिणू लागतात. मोटार लगेच बंद करावी.

डीपीच्या (वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या) 11 हजार व्होल्टच्या बाजूचा एक फ्यूज उडाल्यास साधारणपणे एका फेजवर पूर्ण दाब राहतो आणि उरलेल्या दोहोंवर तो निम्मा, म्हणजे 230 ऐवजी 115 व्होल्टच्या आसपास, उतरतो. साधा बल्ब लालसर दिसतो, चोकची ट्यूब पेटत नाही. पण चांगल्या प्रतीचा एलईडी अनेकदा पूर्ण उजेड देतो, म्हणून केवळ त्याच्यावरून वीज ठीक आहे असे मानू नये. फ्रिज व एसी बंद ठेवावेत.

खरा धोका दिवे प्रखर होण्यात आहे. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटली की दोन फेजवरची उपकरणे एकामागोमाग जोडल्यासारखी होऊन 400 व्होल्ट आपसांत वाटून घेतात, आणि ज्या बाजूला भार कमी, तिच्या वाट्याला दाब जास्त येतो. एका फेजवर 1000 वॅटची इस्त्री आणि दुसऱ्यावर 100 वॅटचे दिवे असतील, तर दिव्यांवर 360 व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. एका खोलीत इस्त्री लावताच दुसऱ्या खोलीतला दिवा उजळला, तर क्षणभरही न थांबता मेन स्विच पाडावा. दोष खांबावर असेल, तर सिंगल-फेज घरातही हेच घडते: तुमचे दिवे प्रखर, शेजारचे मंद. साधी एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा स्विच) या वाढीव दाबापासून वाचवत नाही. त्यासाठी कमी-जास्त व्होल्टेजला तोडणारे संरक्षक उपकरण मेन बोर्डात बसवावे लागते.

पुष्कळदा दोष घरातच असतो. मेन स्विचमधला न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन तारेचे टोक काळवंडलेले आणि भोवतीचे प्लास्टिक वितळलेले आमच्या वायरमनना वारंवार आढळते. सिंगल-फेज घरात न्यूट्रल तुटली आणि एखादे उपकरण चालू राहिले, तर सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो. अशा वेळी अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो कृपया मानू नये; त्याने फ्रिजच्या किंवा गीझरच्या पत्र्यात विद्युतप्रवाह उतरून जीव जाऊ शकतो.

शेजाऱ्यांकडेही हाच प्रकार असेल, तर महावितरणच्या 1912 या क्रमांकावर कळवावे आणि दिवे मंद आहेत की प्रखर, हे आवर्जून सांगावे. केवळ आपल्याच घरी असेल, तर मेन स्विच बंद ठेवून आम्हाला बोलवावे.