सोलापूरच्या रस्त्यांचा पैसा : जकातीपासून भरपाईपर्यंत

सोलापूरकर मालमत्ता कर भरतात, बांधकाम परवान्यासोबत विकास शुल्क भरतात, गुंठेवारीतला (बिनशेती परवानगी न घेता पाडलेला) प्लॉट नियमित करताना पुन्हा शुल्क भरतात. तरीही वळवाची पहिली सर आली की जुळे सोलापूर, शेळगी, मजरेवाडीच्या गल्ल्यांत चिखल होतो. लोकांचा राग रास्तच आहे. मात्र हा पैसा रस्त्यापर्यंत का पोहोचत नाही, याची कारणे जुनी आहेत.

सोलापूरची नगरपालिका 1852 ची, महापालिका 1964 ची. अनेक दशके तिजोरीचा मोठा आधार होता जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. ती रोजच्या रोज रोख जमा व्हायची. 2010 नंतर राज्यातील शहरांत टप्प्याटप्प्याने तिची जागा एलबीटीने, म्हणजे स्थानिक संस्था कराने घेतली. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतील उलाढालीला एलबीटी माफ झाला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटीने तो विषयच संपवला. तेव्हापासून महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळते. 2016-17 चे उत्पन्न पायाभूत धरून तीत दरवर्षी 8 टक्के वाढ होते. पायाच लहान असेल तर पुढची सगळी वर्षे हात आखडलेलाच राहतो. आलेल्या रकमेतून पगार, निवृत्तिवेतन आणि उजनी धरणाचे पाणी उपसण्याचे वीजबिल आधी भागवावे लागते. रस्त्याची पाळी त्यानंतर येते.

दुसरीकडे, 1992 च्या हद्दवाढीने आजूबाजूची गावे शहरात आली. कर लागू झाला, पण गटार, जलवाहिनी आणि रस्ता एकाच वेळी आले नाहीत. बिनशेती न करता पाडलेल्या प्लॉटांवर वस्त्या उभ्या राहिल्या आणि 2001 च्या गुंठेवारी कायद्याने त्या नियमित करण्याची वाट खुली झाली. पण तिथल्या गल्ल्या आधीच अरुंद होत्या. गटाराला जागा सोडलेली नव्हती.

भरलेला प्रत्येक रुपया शहरात राहतो असेही नाही. एमएच 13 च्या, म्हणजे सोलापुरात नोंदलेल्या गाडीचा वाहन कर राज्याकडे जातो. मालमत्ता कराच्या बिलातले शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर महापालिका फक्त गोळा करते. ते पैसे राज्याचेच. विकास शुल्काची गोष्ट वेगळी. नगररचना कायद्यात 1992 साली आलेल्या प्रकरणानुसार ते स्वतंत्र लेखाशीर्षात ठेवून सार्वजनिक सुविधांवरच खर्च करायचे असते. नागरिकांनी सर्वाधिक लक्ष याच शीर्षावर ठेवायला हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैसा मिळाला तरी खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर मातीचा वरचा थर काढून निदान 225 मिलिमीटर मुरूम किंवा दाणेदार भराव, त्यावर खडीचे दाबलेले थर आणि मग डांबर हवे. हद्दवाढ भागात अनेकदा जुन्याच खडीकरणावर डांबराचे पातळ कार्पेट अंथरले जाते. उतार निदान दोन ते अडीच टक्के हवा. तो नसला की पाणी साचते, डांबर खडीला सोडते आणि खड्डा पडतो.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो चर. रस्ता झाला की ड्रेनेज, मग जलवाहिनी, मग केबल, असा उलटा क्रम. खोदताना निघालेली काळी मातीच परत ढकलतात, वर खडी टाकतात, रोलर फिरत नाही. पावसाळ्यात नळाच्या रेषेत लांबच लांब खाच पडते आणि चेंबरचे झाकण उघडे होऊन वर येते. योग्य पद्धतीत चरात मुरूम 150 मिलिमीटरच्या थरांत, पाणी मारून दाबत भरतात. कडा सरळ कापून त्यांना डांबराचा हात देतात आणि मगच गरम मिश्रण घालतात. हे मिश्रण 90 अंशांखाली निवण्याआधी रोलिंग संपले पाहिजे. खोदाई करणाऱ्यांकडून शुल्क घेतले जाते, पण ते सर्वसाधारण निधीत गेले की त्याच गल्लीत खर्च झाले का, हे पडताळणे अवघड होते.

2016 च्या जानेवारीत केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या 20 शहरांत सोलापूर आले, पण त्या योजनेचा भर निवडलेल्या मध्यवर्ती भागावर होता. नगरोत्थानसारख्या राज्याच्या योजनांत महापालिकेला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो, आणि तिजोरी रिकामी असली की काम तिथेच अडते.

आपल्या गल्लीचा हिशेब पाहायचा असेल तर 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात तीन कागद मागावेत : कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाच्या मापांच्या) नोंदी आणि निविदेतील दोष दायित्व कालावधीचे कलम. मुदतीत रस्ता उखडला तर तो ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. म्हणून तक्रार लेखी द्यावी, तारखेसह फोटो जोडावेत आणि पोच घ्यावी.