कंदिलातून ओव्हनमध्ये: जुन्या काचेच्या भांड्यांची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या जुन्या घरांच्या शोकेसमध्ये झाकणाचं जाड काचेचं भांडं अजून दिसतं. कंपनी कुठलीही असो, त्याला ‘बोरोसिलचं’ म्हटलं की झालं. पण त्याचं मूळ स्वयंपाकघरात नाही, रेल्वेच्या कंदिलात आहे.

पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की ती तडकते, हे आपल्या आज्यांना शास्त्राचं पुस्तक न उघडता ठाऊक होतं. थेंब पडतो तेवढीच जागा गार होऊन आकसते, बाकीची फुगलेलीच राहते. १८८०च्या दशकात जर्मनीतल्या येना गावी काचशास्त्रज्ञ ऑटो शॉट यांनी काचेत बोरॉन ऑक्साइड घातलं. ही बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश फुगते. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने अशाच काचेचे रेल्वे-कंदील केले. पावसा-बर्फात ते टिकू लागले.

१९१३मध्ये कॉर्निंगमधले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या घरी भाजायचं भांडं तडकलं. पत्नी बेसी यांना त्यांनी बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ आणून दिला, आणि बाईंनी त्यात केक भाजून दाखवला. १९१५ साली कॉर्निंगची ‘पायरेक्स’ भांडी बाजारात आली. (नाव कंपनीचं झालं, परीक्षा बाईंनी घेतली.)

पुढच्याच वर्षी कऱ्हाडजवळ ओगल्यांचा काच कारखाना निघाला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत पोचला, पण भाजायच्या काचेला आपल्याकडे १९६२ची वाट पाहावी लागली. त्या साली कॉर्निंगच्या सहकार्याने बोरोसिल सुरू झाली. १९८८मध्ये कॉर्निंग त्यातून बाहेर पडली.

पण भांडं आलं तरी ओव्हन कुठे होता? केक पातेल्यात वाळू तापवून व्हायचा, नानकटाई बेकरीत पत्र्याच्या ट्रेमधून भाजून यायची. म्हणून ते शोकेसमध्ये बसलं. फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आल्यावर खाली उतरलं, तेही जास्त करून साठवणीला. शेंगाचटणीचं तेल-तिखट प्लॅस्टिकला धरतं, काचेला नाही.

जुनं म्हणजे अस्सल बोरोसिलिकेटच, असं मात्र धरून चालू नये. १९४०च्या दशकात आलेले पायरेक्सचे रंगीत वाडगे दुधी काचेचे, वेगळ्या जातीचे. पुढे अमेरिकेत पारदर्शक भांडीही साध्या काचेला कडक करून बनू लागली. ती पडणं-आपटणं बरं सोसतात, पण एकदम गरम-गार कमी. आणि फ्रिजमधून काढून थेट गॅसवर ठेवलं, तर कुठलंही फुटेल.