पॅरिसच्या वाहतुकीचा गोंगाट: हॉर्नबंदीपासून वेगमर्यादेपर्यंत

पॅरिसमध्ये हॉर्न वाजवण्यावर बंदी आली ती १९५४ साली. आदेश होता पोलिसप्रमुख आंद्रे द्युब्वा यांचा. हॉर्नचा त्रास त्यामुळे आटोक्यात आला. पण त्याच सुमारास शहराला वेढा घालणाऱ्या एका वेगवान रस्त्याची आखणी चालू होती, आणि पुढच्या अर्धशतकात पॅरिसच्या गोंगाटाचा सगळ्यात मोठा स्रोत तोच ठरला.

हा रस्ता म्हणजे ‘बुलव्हार पेरिफेरिक’. लांबी ३५ किलोमीटर. १८४० च्या दशकात बांधलेली शहराची तटबंदी पहिल्या महायुद्धानंतर पाडण्यात आली होती. त्या पट्ट्यातल्या मोकळ्या जागेत आधी स्वस्त भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या आणि उरलेल्या जागेतून रस्ता गेला. पहिला टप्पा १९६० मध्ये खुला झाला, तर संपूर्ण वर्तुळ २५ एप्रिल १९७३ रोजी. आज त्यावरून दिवसाला दहा लाखांहून अधिक वाहने जातात. पश्चिमेला बुआ द बुलोन्याच्या वनराईखालून तो बराचसा बोगद्यातून जातो. उत्तरेला आणि पूर्वेला अनेक ठिकाणी तो उघडा, खिडक्यांच्या पातळीवर किंवा उड्डाणपुलावर आहे. गोंगाटाचे वाटप कुठे आणि कुणाला झाले, हे त्या आराखड्यातच ठरले होते.

या आवाजाचे स्वरूप समजल्याशिवाय पुढचे उपाय समजत नाहीत. मोटारीचा वेग ताशी साधारण ४० किलोमीटरच्या पुढे गेला की इंजिनापेक्षा टायर आणि डांबर यांच्या घर्षणाचा आवाज वरचढ होतो. त्यामुळे विजेच्या मोटारी आल्या तरी या रस्त्यावर फारसा फरक पडणार नाही. दुसरे, डेसिबलचे, म्हणजे आवाज मोजण्याच्या एककाचे, गणित साधी बेरीज-वजाबाकी मानत नाही. निम्मी वाहने कमी केली तरी घट फक्त ३ डेसिबलची. रस्त्यापासूनचे अंतर दुप्पट केले तरी मोकळ्या जागेत तेवढीच.

फ्रान्समध्ये ध्वनिप्रदूषणाचा व्यापक कायदा ३१ डिसेंबर १९९२ ला झाला. पुढे २००२ च्या युरोपीय निर्देशाने मोठ्या शहरांना दर पाच वर्षांनी ध्वनिनकाशे काढणे बंधनकारक केले. पॅरिस आणि भोवतालच्या इल-द-फ्रान्स प्रदेशात २००४ मध्ये ‘ब्रुइपारिफ’ ही आवाजाची मोजणी करणारी संस्था उभी राहिली. नकाशे जमिनीपासून ४ मीटर उंचीवरच्या आवाजाचे असतात आणि ते बहुतांशी गणनेतून काढलेले असतात. त्यांत दिवसभराच्या आवाजाचा एकच सरासरी आकडा, म्हणजे निर्देशांक, दिलेला असतो. या निर्देशांकात २४ तासांचे तीन भाग पडतात: दिवस १२ तास, संध्याकाळ ४, रात्र ८. संध्याकाळच्या आवाजात ५ डेसिबल मिळवतात, रात्रीच्या आवाजात १०. म्हणजे रात्रीची एक गाडी दिवसाच्या दहा गाड्यांइतकी धरली जाते.

फ्रान्सची रस्त्यांसाठीची मर्यादा या निर्देशांकावर ६८ डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुचवलेली ५३. पंधरा डेसिबलचा हा फरक ध्वनिऊर्जेच्या हिशेबात तीसपटीहून जास्त आहे. मर्यादेत बसलेले घर आरोग्याच्या दृष्टीने शांत असेलच असे नाही, हे नकाशा वाचताना विसरता कामा नये.

उपाय एकेक करून झाले. भिंती उभारल्या, पण भिंत रस्ता नजरेआड करते तिथवरच उपयोगी, वरच्या मजल्यांना तिचा लाभ नाही. दुहेरी काचा बसवल्या. त्यातल्या दोन्ही काचा समान जाडीच्या असल्या तर दोघी एकाच कंप्रतेला थरथरतात आणि आवाज आत येतो, म्हणून एक १० मिलिमीटरची आणि दुसरी ४ ची अशी जोडी घेतात. उन्हाळ्यात खिडकी उघडली की तेही व्यर्थ. पोर्त दे लिला आणि पोर्त द व्हाँव्ह इथे रस्त्याचा काही भाग छताखाली घेतला. हा सर्वांत परिणामकारक उपाय, आणि सर्वांत महागही. सच्छिद्र, बारीक खडीचे डांबर सुरुवातीला चांगला फरक दाखवते, मग छिद्रांत धूळ बसते, खडी निघते आणि गुण ओसरतो. पुन्हा थर टाकण्याचा खर्च सुरुवातीलाच गृहीत धरावा लागतो.

राहिला वेग. पेरिफेरिकवर मर्यादा ताशी ८० किलोमीटर होती. जानेवारी २०१४ मध्ये ७० झाली आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ५०. टायरच्या आवाजाच्या सूत्रानुसार ७० वरून ५० वर आल्यास सुमारे ४ डेसिबल कमी व्हावेत. दिवसा कोंडीमुळे गाड्या मुळातच संथ असतात, म्हणून तेव्हाचा फायदा याहून कमी. खरा लाभ रात्री, जेव्हा रस्ता मोकळा असतो.

सरासरी मात्र एक गोष्ट लपवते: सायलेन्सर काढलेली एकटी मोटारसायकल. रात्री पॅरिस ओलांडणारे असे एक वाहन हजारो लोकांना जागे करू शकते, असा ब्रुइपारिफचा अंदाज आहे. त्यासाठी २०१९ च्या कायद्याने ध्वनिरडारच्या, म्हणजे जास्त आवाज करणारे वाहन टिपणाऱ्या यंत्राच्या, चाचण्यांना वाट दिली. ब्रुइपारिफच्या यंत्रात चार मायक्रोफोन असतात. चौघांपर्यंत आवाज पोहोचण्यातल्या सूक्ष्म कालफरकावरून त्याची दिशा काढतात आणि कॅमेऱ्याच्या चित्रावर बिंदू टाकतात. पॅरिसमधला पहिला रडार फेब्रुवारी २०२२ मध्ये विसाव्या विभागात लागला. दोन गाड्या शेजारून एकदम गेल्या तर दोषी कोणती, हे निःसंशय ठरवणे हीच त्यातली मुख्य तांत्रिक अडचण.