क्रोम की अ‍ॅलॉय? जुन्या सायकलला पॉलिश पेपर लावायच्या आधी वाचा

जुनी सायकल माळ्यावरून खाली काढली की पहिला हात पॉलिश पेपरकडे जातो आणि तिथेच घोळ होतो, कारण हँडल, रिम, क्रँक (पेडलचा दांडा), ब्रेकचे लिव्हर सगळंच चांदीसारखं दिसतं पण त्यात दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे क्रोम मारलेलं लोखंड आणि दुसरं अ‍ॅलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम.

आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर बहुतेक अ‍ॅलॉय (काही स्टेनलेस स्टीललाही चिकटत नाही, पण ते हाताला चांगलंच जड लागतं). काळ्या रॉड ब्रेकवाल्या सायकलींत बहुतेक सगळं क्रोमचं असतं, गियरवाल्या रेसरमध्ये अ‍ॅलॉय जास्त. तांबूस ठिपके दिसले तर लोखंडच, अ‍ॅल्युमिनियमला तांबूस गंज चढतच नाही, ते राखाडी पडतं आणि त्यावर पांढरी भुकटी येते.

आता क्रोम म्हणजे पेढ्यावरचा वर्ख समजा. खाली लोखंड, त्यावर निकेल, आणि वर क्रोमचा थर साधारण अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून कमी. एवढ्या पातळ थरावर पेपर मारला की तो गेलाच. मी एका हँडलवर ८०० नंबरचा पेपर फिरवला होता, दहा मिनिटांत निळसर चमक जाऊन पिवळट निकेल दिसायला लागलं आणि ते परत आणायला प्लेटिंगवाल्याशिवाय इलाज नाही, फार वाईट वाटलं. म्हणून आधी रॉकेलने ग्रीस काढा, मग किचनमधल्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि गंज मात्र निघतो. गंज आतल्या लोखंडाचा असतो, थरातल्या बारीक छिद्रांतून वर येतो, त्यामुळे शेवटी कोरडं करून वॅक्स किंवा तेलाचा हात फिरवलाच पाहिजे. जिथे पापुद्रे निघालेत तिथे कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही.

अ‍ॅलॉयचं उलट. आतबाहेर एकच धातू, त्यामुळे घासलं तरी खाली तेच निघतं. ओला पेपर ४००, मग ८००, १२००, २००० असं चढत जायचं आणि मग मेटल पॉलिश. कापड काळं व्हायला लागलं की समजा धातूवर काम चाललंय. होतच नसेल तर वर अ‍ॅनोडायझिंगचा थर (धातूवर मुद्दाम चढवलेलं कडक संरक्षक आवरण) शाबूत आहे, आणि तो चांगला असेल तर प्लीज काढू नका, साबणाने धुवा आणि सोडा, कारण तो गेला की पार्ट पुन्हापुन्हा मंद पडतो. हँडल, स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा भाग), क्रँक घासताना बारीक तडे बघा, तडा दिसला तर तो पार्ट वापरायचा नाही.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड दोन्हींना नको, ते क्रोमही विरघळवतं. कॉस्टिक सोडा तर अ‍ॅलॉयवर चुकूनही नाही, फसफसून धातूच खातो. लिंबूसत्वाचं कोमट पाणी गंजलेल्या लोखंडी नट-बोल्टला मस्त, पण रात्रभर ठेवू नका.

आणि परत जोडताना अ‍ॅलॉयचा सीटपोस्ट (सीटखालची दांडी) लोखंडी फ्रेममध्ये कोरडा घालू नका, ग्रीस लावा, नाहीतर दोन धातू पावसाळ्यात एकमेकांना असे धरतात की करवतीनेच काढावा लागतो.