कानातल्या इम्प्लांटच्या वेळी उरलेलं ऐकणं राखता येतं का?

हर्णै, मालवणकडचे जे खलाशी वर्षानुवर्षं ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी वावरले, त्यांच्या कानातून आधी बारीक, म्हणजे उंच पट्टीचे आवाज जातात. शिमग्याचा ढोल ऐकू येतो, ताशा पुसट होतो. घरात कुणी ‘सात’ म्हणालं की ‘पाच’, हे कळत नाही, कारण ‘आ’ पोचतो, ‘स’ आणि ‘च’ पोचत नाहीत. बहुतेकांचं श्रवणयंत्रावर भागतं. नुकसान फारच झालं असेल तर डॉक्टर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात तार बसवून विजेच्या संकेतांनी ऐकवणारं यंत्र, सुचवतात.

आतल्या कानातली कॉक्लिआ शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची असते. तोंडाशी बारीक आवाज टिपले जातात, टोकाशी जाड, म्हणजे खालच्या पट्टीचे. इम्प्लांटची तार तोंडाकडूनच आत सरकते. त्यामुळे टोकाकडच्या जिवंत पेशी वाचल्या, तर जाड आवाज स्वतःच्या कानाने आणि बारीक आवाज विजेच्या संकेतांनी, असं दुहेरी ऐकता येतं. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या डॉक्टरांनी 1999 साली ही पद्धत मांडली. बाजारातल्या गलक्यात बोलणं समजायला आणि भजनातला सूर ओळखायला हे थोडंसं उरलेलं ऐकणं फार उपयोगी पडतं. म्हणून ते सहजासहजी सोडून देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पण ऑपरेशन उत्तम होऊनही काहींचं हे ऐकणं पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत जातं. तार सरकवताना नाजूक पडद्यांना इजा होऊ शकते. शिवाय शरीर तारेला परकी समजतं, सूज येते, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात, तारेभोवती व्रणाची ऊती साठते. माणसात मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत.

इथे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कामी येतं. ते सूज आवरतं. शिरेतून दिलं तर रक्त आणि आतला कान यांच्यामधल्या अडसरामुळे थोडंच पोचतं. म्हणून काही सर्जन ते मधल्या कानात सोडतात. तिथल्या गोल खिडकीच्या पातळ पडद्यातून ते आत झिरपतं. औषध हळूहळू सोडणाऱ्या तारांवरही संशोधन झालं आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत फायदा ठळक दिसला. माणसांत तो कमीजास्त दिसतो, आणि डोस किती, किती दिवस, यावर एकमत नाही. मऊ तार आणि ती सावकाश सरकवणारा हात यांची जागा औषध घेऊ शकत नाही.

मधुमेह असेल तर तो आधीच सांगा. स्टेरॉइडने साखर चढते. ऑपरेशनसाठी मुंबईला किंवा कोल्हापूरला जाताना जुना ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, बरोबर न्या. 250 आणि 500 हर्ट्झला, म्हणजे जाड आवाजांना, किती ऐकू येतं, ते वाचवण्यासाठी काय करणार, हे सर्जनना स्पष्ट विचारा. तीच तपासणी ऑपरेशननंतर आणि पुन्हा काही महिन्यांनी करून घ्या.